कलपाचं सुतक

बारामतीच्या कालव्याच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या नीळकंठराव सुपेकरांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद न वाचता हातावेगळा केला नव्हता. पाण्याच्या अर्जावर शेतकऱ्याने सगळं लिहिलं आणि तारीख तेवढी राहिली, तर तो अर्ज परत जाई. मग त्याचा ऊस उभ्याउभ्या वाळला तरी भाऊसाहेबांचा, म्हणजे नीळकंठरावांचा, नाइलाज असे. "खाली बारीक अक्षरात काय छापलंय ते आधी वाचायचं असतं," असं ते प्रत्येकाला सांगत. अशा माणसाने सबंध आयुष्यात एकच छापील कागद न वाचता चुलीत टाकला, आणि पुढचं सगळं त्या एका कागदापायी झालं.

चौतीस सालच्या माघात त्यांच्या मुलीने, सुधाने, इंदापूरहून एक फोटो पाठवला. दिवाळीत ते तिच्या सासरी गेले होते तेव्हा सोलापूरचा फोटोग्राफर बोलावून सगळ्यांना अंगणात बसवलं होतं. नीळकंठरावांनी फोटो खिडकीशी नेऊन एकेकाला ओळखायला सुरुवात केली. हे व्याही, हे जावई, मांडीवर नात. मग कडेच्या खुर्चीवरचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा कोण, ते त्यांना लक्षात येईना. व्याह्यांचे कोणी मामा असावेत, असं त्यांनी ठरवलंसुद्धा. मग त्या मामांच्या हातातली छत्री त्यांनी ओळखली. ती त्यांची स्वतःची होती.

सोबत सुधाचं पत्र होतं. 'बाबा, फोटोत तुम्ही फार थकलेले दिसता. एकटे राहू नका. पाडव्याला याल तेव्हा आपण नीट बोलू.' नीळकंठरावांना नीट बोलण्याची धास्ती वाटली. पत्नी, प्रमोदिनीबाई, पुण्याच्या इस्पितळात वारल्या त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दोन खोल्यांत ते, एक स्टोव्ह आणि एक घड्याळ असे तिघे राहत, आणि त्यातलं घड्याळ तेवढं बोलत असे. पण मुलीच्या सासरी जाऊन कायमचं राहणं त्यांच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. पाडव्याला आपण असं दिसायचं की थकण्याचा विषयच निघू नये, असा त्यांनी निश्चय केला.

निश्चयाचं नाव 'कृष्णभ्रमर केशकलप' असं होतं. मासिकातल्या जाहिरातीत एका बाजूला हताश वृद्ध आणि दुसऱ्या बाजूला तोच मनुष्य नवरदेवासारखा छापला होता. खाली ग्वाही होती: आवळा, माका, हिरडा आणि हिमालयातली एक वनस्पती, अपाय सिद्ध करणाऱ्यास बक्षीस. नीळकंठरावांनी पार्सल मागवलं. ते सोडवायला टपाल कचेरीत गेले तेव्हा पोस्टमास्तरांनी चष्मा कपाळावर नेला आणि खोक्यावरची अक्षरं, ऐकू कमी येत असल्यामुळे, मोठ्याने वाचली. नीळकंठराव म्हणाले, "एका परिचितासाठी आहे." पोस्टमास्तरांना तेही ऐकू आलं नाही.

खोक्यात दोन बाटल्या, एक ब्रश आणि एक घडीचा कागद होता. कागदावर तांबड्या शाईत, बारीक इंग्रजी अक्षरात, काहीतरी छापलेलं होतं. आता, जो मनुष्य सरकारी परिपत्रकाची तळटीप पाठ म्हणू शकतो त्याला ते वाचायला काय धाड भरली होती, असं कोणीही विचारील. पण माणूस चोरून करायच्या गोष्टी घाईत करतो. शेजारच्या सिंधुबाई कोथिंबीर मागायला येतील या भीतीने त्यांनी कागद अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातला, दाराला कडी लावली आणि दोन्ही बाटल्या वाटीत ओतून डोक्याला आणि मिशीला ब्रश फिरवला. रविवार होता. वास डांबरी रस्त्यासारखा येत होता. हिमालयातली वनस्पती अशीच वास मारत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

रंग उत्तम चढला. इतका की आरशातल्या गृहस्थाशी बोलायचं कसं ते त्यांना कळेना.

सोमवारी ते कचेरीत गेले. कोणी काही म्हटलं तर काय उत्तर द्यायचं याची त्यांनी वाटेत तीन वाक्यं तयार केली होती. तिन्ही वाया गेली. हाताखालचे कारकून रामभाऊ, वय चाळीस, मुलं पाच, यांनी मान वर न करताच फायली पुढे सरकवल्या. ओव्हरसीअर समोरून दोनदा गेले. दुपारी पट्टेवाल्याने टक लावून पाहिलं, आणि नीळकंठराव सावध झाले. तो म्हणाला, "भाऊसाहेब, टोपी नवी का?" टोपी जुनीच होती. संध्याकाळी घरी येताना, कोणी हसलं नाही याचा आनंद मानायचा का कोणी पाहिलंच नाही याचं वाईट वाटून घ्यायचं, हे त्यांना ठरवता येईना. चार वर्षांत आपल्या तोंडाकडे कोणी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते आठवण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

त्या संध्याकाळी खाज सुरू झाली.

शेजारी अप्पा मास्तर राहत; शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते गल्लीला शिकवत. मंगळवारी सकाळी ओट्यावर नीळकंठरावांना डोकं खाजवताना त्यांनी पकडलं. "कोंडा," नीळकंठराव म्हणाले. मास्तरांनी लगेच सांगितलं की कोंडा हा पित्ताचा विकार असून त्यावर लिंबू चोळावं. मास्तरांच्या पत्नी सिंधुबाई आतून म्हणाल्या, "लिंबानं आग होईल हो. भावजी, आंबट दही लावा." तेवढ्यात कऱ्हाटीचा कुंडलिक पाण्याचा अर्ज घेऊन आला. हा अर्ज तिसऱ्यांदा परत गेलेला असल्यामुळे तो कचेरीऐवजी घरी आला होता. त्याने भाऊसाहेबांचं डोकं नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "आमच्याकडं बैलाला असं झालं की करंजाचं तेल लावत्यात. दोन दिसांत बैल गप हुतोय."

नीळकंठरावांनी लिंबू लावलं. आग झाली म्हणून दही लावलं. दह्याने माश्या आल्या म्हणून करंजाचं तेल लावलं. शिस्तीचा मनुष्य असल्यामुळे त्यांनी एकाही सल्ल्याचा अनादर केला नाही. बुधवारी सकाळी उठले तो जग उघडेना. पापण्या भजीसारख्या फुगल्या होत्या, वरचा ओठ मिशीसकट नाकाला टेकला होता, आणि केसांच्या मुळांतून पाणी गळत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली मागितली. नीळकंठरावांनी ती धोतराच्या सोग्यातून काढली.

"यात आवळा, माका आणि हिरडा आहे," ते फुगलेल्या ओठांतून म्हणाले.

डॉक्टरांनी बाटली हुंगली. "हिरड्यानं कोणाची पापणी सुजलेली मी पाहिली नाही. हा डांबरातून काढलेला रंग. याच्या जातीचे रंग गिरणीत कापडाला वापरतात. कापडाला खाज सुटत नाही, म्हणून तिथं चालतं. सगळ्यांनाच बाधतो असं नाही, पण ज्याला बाधतो त्याला असा बाधतो. आधी कानामागं थेंबभर लावून दिवसभर थांबायचं असतं. खोक्यात कागद असेल की त्याचा."

 सव्वीस वर्षांत परत पाठवलेले सगळे अर्ज त्या क्षणी आपल्याकडे परत आल्यासारखे नीळकंठरावांना वाटले.

"पुन्हा लावलात तर डोळे जातील कदाचित," डॉक्टर म्हणाले. "सगळे केस काढा. मिशीसुद्धा. एक केस ठेवू नका रंगाचा."

झुंबर न्हावी घरी आला. त्याने डोकं साफ केलं. शेंडीचे मागचे चार केस रंगातून सुटले होते तेवढे ठेवले. मिशीपाशी मात्र त्याचा वस्तरा थांबला. "भाऊसाहेब, मिशी बी काढली तर लोक काय म्हंतील?"

"काय म्हणतील?"

"आता कसं सांगू. घरात कोन गेल्याबिगर मिशी कोन काढतंय?"

नीळकंठरावांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पण डोळ्यांचा प्रश्न होता. "काढ," ते म्हणाले. झुंबरने काढली, आणि जाताना काही न विचारता, अदबीने, पाठ न दाखवता गेला.

तासाभरात सिंधुबाई पिठलं-भात घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी भांडं ठेवलं, नीळकंठरावांचं सुजलेलं तोंड आणि लाल डोळे पाहिले, आणि त्यांचेही डोळे भरले. "भावजी, कोण हो?"

नीळकंठराव ओठ सावरून म्हणाले, "कोणी गेलं नाही." पण त्या ओठांतून मधला शब्द नीट निघाला नाही. सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला. घरी जाऊन त्यांनी मास्तरांना सांगितलं, "म्हणतात, आता कोणी राहिलं नाही."

खरं सांगून टाकायचं, असं नीळकंठरावांनी त्या दिवशी चार वेळा ठरवलं. पण खरं सांगायचं म्हणजे कलप सांगायचा. बावन्न वर्षांचा विधुर कलप लावतो म्हणजे दुसऱ्या लग्नाच्या खटपटीत आहे, हे बारामतीत कोणीही पाच मिनिटांत सिद्ध केलं असतं, आणि सहाव्या मिनिटाला ते इंदापुरात सुधाच्या सासूबाईंच्या कानावर गेलं असतं. त्यापेक्षा एखादं माणूस मेलेलं परवडलं. वाईला त्यांची एक आत्या होती, ब्याऐंशी वर्षांची. मनातल्या मनात तिची क्षमा मागून ते गप्प बसले.

संध्याकाळी अप्पा मास्तर आले आणि सतरंजीवर बसले. मग ओव्हरसीअर आले. पोस्टमास्तर आले आणि काही ऐकू न आल्यामुळे सगळ्यांत जास्त वेळ मान हलवत राहिले. नीळकंठरावांच्या घरात एका वेळी चार माणसं बसल्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. लोक आधी हळू आवाजात मृत्यूविषयी बोलले, मग गुळाच्या भावाविषयी, मग पाटाला यंदा पाणी केव्हा सुटणार त्याविषयी. या शेवटच्या विषयावर नीळकंठरावांना एवढं ठाऊक होतं की सुतक विसरून ते अर्धा तास बोलले. लोकांनी ते मन लावून ऐकलं.

गुरुवारी रामभाऊ रजेचा अर्ज घेऊन आले. "तुम्ही फक्त सही करा. मी बाकीचं भरलंय. 'मृताचं नाव' आणि 'मृताशी नातं' हे दोन रकाने तेवढे राहिलेत."

नीळकंठरावांनी लेखणी हातात घेतली आणि ठेवली. तोंडाने गप्प राहून लोकांना फसू देणं वेगळं आणि सरकारी कागदावर खोटं लिहिणं वेगळं. रकाने कोरे ठेवून त्यांनी सही केली. शुक्रवारी अर्ज परत आला. 'अपूर्ण अर्ज स्वीकारू नयेत' या एकोणतीस सालच्या आदेशाचा हवाला खाली दिला होता. आदेश स्वतः नीळकंठरावांनीच काढलेला होता, आणि रामभाऊंनी तो त्यांच्याच वळणाच्या अक्षरात उतरवला होता.

त्याच दिवशी ते डोक्याला उपरणं गुंडाळून नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकाकडे गेले. "एका परिचिताला कलपानं अपाय झाला आहे," त्यांनी सांगितलं. "कंपनीवर काय कारवाई होऊ शकते?"

निरीक्षकाने त्यांच्या पापण्यांकडे पाहिलं. "त्यांनी तो खाल्ला होता का?"

"कलप कोण खाईल?"

"खाल्ला असता तर बरं झालं असतं. दूध, तूप, पीठ, यांतल्या भेसळीसाठी आमच्याकडं कायदा आहे. पोटात गेलेलं आम्ही तपासतो. डोक्याला लावलेलं कुठल्या रकान्यात घालू?"

नीळकंठरावांना निरीक्षकाचा राग आला नाही. रकाना नसलेल्या गोष्टीचं काय करायचं, हे त्यांनाही कधी सुचलं नव्हतं.

शनिवारी अप्पा मास्तर एकटेच आले. बराच वेळ ते सतरंजीची दशी ओढत राहिले. मग म्हणाले, "नीळकंठराव, एक सांगू? वहिनी गेल्या तेव्हाच मी यायला हवं होतं. आलो होतो, दारापर्यंत. तुम्ही पुण्याहून आलात ते तसेच कचेरीत गेलात. संध्याकाळी दार लावून घेतलंत. आत घड्याळाला किल्ली देत होता, त्याचा आवाज येत होता. कडी वाजवावी का नाही, ते मला ठरेना. परत फिरलो. चार वर्षं मला ते खुपतंय."

 त्या संध्याकाळी आपण आत का बसलो होतो ते नीळकंठरावांना आठवत होतं. रडताना कोणी पाहू नये म्हणून. आणि कोणीच आलं नाही म्हणून नंतर ते रडलेही नव्हते. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पापण्यांच्या सुजेमुळे ते नेहमीच्या वाटेने येईना, कडेकडेने कानाकडे गेलं. मास्तर त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "त्या मुगाच्या वड्या छान करत. आमच्या हिला तशा कधी जमल्या नाहीत." मग दोघांनी प्रमोदिनीबाईंबद्दल अंधार पडेपर्यंत गप्पा मारल्या. त्यांचं नाव त्या खोल्यांत चार वर्षांनी मोठ्याने उच्चारलं गेलं.

रविवारी दुपारच्या मोटारीने सुधा आली. रामभाऊंनी कळवळून मोटारीच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला होता की भाऊसाहेबांकडे दुःखाचा प्रसंग आहे. ड्रायव्हरने तो कंडक्टरला दिला, कंडक्टरने वकील असलेल्या जावयांच्या अशिलाला, आणि इंदापुरात पोचेपर्यंत प्रसंग आणि भाऊसाहेब एकच झाले होते. गल्लीच्या तोंडापासून रडण्याचा आवाज आला म्हणून नीळकंठराव घाईने ओट्यावर आले. रडत येणारी त्यांचीच मुलगी होती.

"सुधा, काय झालं? कोण गेलं?"

सुधाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पायरीवरच बसली. "तुम्ही," ती म्हणाली.

मग सगळं सांगावंच लागलं. आत बसून, दार लोटून, त्यांनी फोटोपासून निरीक्षकापर्यंत सगळं क्रमवार सांगितलं. सुधा आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. नंतर तिने डॉक्टरांचं मलम बोटावर घेतलं आणि वडिलांच्या टकलाला लावायला सुरुवात केली.

"मी 'थकलेले' म्हटलं ते केसांवरून नव्हे," ती म्हणाली. "केस पिकायचेच. तुमच्या कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती, बाबा. दिवसभर तशीच असणार, आणि मलाही ती फोटोतच दिसली. घरून निघताना कोणी सांगणारं नाही, एवढंच मला त्यात दिसलं."

नीळकंठराव मान खाली घालून मलम लावून घेत राहिले. तिचं बोट थांबू नये असं त्यांना वाटत होतं.

ती पाडव्यापर्यंत राहिली. इंदापूरला चला म्हणून तिने दोनदा म्हटलं. नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत असं त्यांनी दोनदा सांगितलं. जाण्याआधी तिने सिंधुबाईंना आणि गल्लीला सांगितलं की कोणी गेलेलं नाही, बाबांना औषध बाधलं. कुठलं औषध, ते तिने सांगितलं नाही. वाईची आत्या खडखडीत असल्याचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. नीळकंठरावांनी 'परिचिता'च्या नावाने कंपनीला तक्रार लिहिली होती, तिचंही उत्तर आलं: तक्रारीबद्दल आभार, आणि सुजेवर आमचं 'कृष्णभ्रमर मलम' रामबाण आहे.

सुधा गेली त्या दिवशी संध्याकाळी नीळकंठरावांनी सतरंजी घातली. सवयीने घातली. कोणी येणार नव्हतं. सुतक संपलं होतं. पाटाच्या पाण्याचं वेळापत्रक त्यांनी उगीच काढून ठेवलं होतं, ते पुन्हा फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष सिंधुबाईंच्या पिठल्याच्या भांड्याकडे गेलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे प्रमोदिनीबाईंनी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि आयुष्यात पहिल्यांदा शिरा केला. रवा एका बाजूने करपला आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहिला. वरून वेलदोडा घातल्यावर तो दिसायला तरी शिऱ्यासारखा दिसला.

ते शेजारी गेले तेव्हा अप्पा मास्तर आणि कुंडलिक ओट्यावर बसले होते. कुंडलिकचा अर्ज चौथ्यांदा लिहिला जात होता.

"भांडं द्यायला आलो," नीळकंठराव उभ्याउभ्या म्हणाले. "आणि एक सांगायचं होतं. माझ्यामुळे तुम्हाला चार दिवस फुकट बसावं लागलं. सुधानं सांगितलं असेलच, कोणी गेलं नव्हतं."

"ते ठाऊक होतं," मास्तर म्हणाले.

"केव्हापासून?"

"आमच्या हिला पहिल्या दिवशी नव्हतं. गुरुवारी रामभाऊ सोडून सगळ्यांना होतं. झुंबर न्हावी आहे, मुनी नाही. आणि पोस्टमास्तरांनी खोक्यावरचं सगळ्या बारामतीला वाचून दाखवलं होतं."

नीळकंठरावांच्या टकलापर्यंत लाली चढली. "मग तुम्ही शनिवारी आलात ते?"

मास्तरांनी कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिक म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्याकडं काम घिऊन आलं तर तुमी बारीक अक्षरं दावता. उगंच आलं तर 'काय काम हाय' म्हंता. मानसानं यावं तरी कसं? ह्ये निमित्त बरं गावलं हुतं."

 मास्तरांनी भांड्यावरचं झाकण काढलं, चमचाभर शिरा तोंडात घातला, आणि शाळेत नापास मुलाचा पेपर पाहताना करीत तसं तोंड केलं. तरी दुसरा चमचा घेतला. आतून सिंधुबाईंनी विचारलं, "भावजी, भाकरी टाकतेय. एक जास्त टाकू का?"

अशा प्रश्नाला नीळकंठरावांचं उत्तर चार वर्षं तयार होतं: नको, आत्ताच झालं. ते त्यांच्या ओठांवर आलंही. मग त्यांनी चपला काढल्या, कुंडलिकच्या शेजारी बसले आणि त्याच्या हातातला अर्ज घेतला.

"दोन टाका, वहिनी," ते म्हणाले. "आणि कुंडलिक, तारीख इथं लिहायची असते. लेखणी आण, मीच लिहितो."